मूठभर धान्याचा संसार : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे दान किती मोठे असावे ह्याचा विचार केलेला नाही. स्थळ कोणते, काळ कोणता, घेणारा कोण आणि देणाऱ्याच्या मनात परतफेडीची इच्छा आहे की नाही, एवढेच पाहिले आहे. सुदाम्याच्या फाटक्या फडक्यातील पोहे मूठभरच होते; परंतु द्वारकेच्या सर्व वैभवापेक्षा भगवंतांना तेच गोड लागले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, कीर्तनात तिला दाद देत आलो आहोत. मात्र मूठभर पोह्यांचे मोल जाणून त्या मुठीवर शेकडो पोरक्या व गरीब मुलांचा संसार उभा करणारा एक पुरुष विसाव्या शतकात महाराष्ट्रात होऊन गेला, ह्याची आठवण आपल्या घरांतून अलीकडे फारशी निघत नाही. त्या पुरुषाचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या पुण्यस्मरणार्थ हे अल्प चरित्र सभासद कुटुंबांपुढे सादर करीत आहे.

आपणा बडोदेकरांना भाऊराव अगदीच परके नाहीत. सातारा येथे त्यांनी जे पहिले मोफत निवासी हायस्कूल काढले, त्याला श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव आहे. तो संबंध पुढे येईलच.

जन्म आणि बाळपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज ह्या गावी, त्यांच्या आजोळी झाला. पाटील घराणे जैनधर्मीय. त्यांचे मूळ गाव हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते आणि आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण एका गावी स्थिर झाले नाही. मुलगा अंगाने दणकट, कुस्तीचा शौकीन, स्वभावाने हट्टी. आणि त्याच्या सवंगड्यांत गावकुसाबाहेरची मुले पुष्कळ. घरच्यांना हे रुचत नसे, पण त्याची संगत काही सुटली नाही.

ह्या काळातील एक गोष्ट सांगतात. अस्पृश्य बाया विहिरीपाशी तासन्‌तास ताटकळत उभ्या राहात. कोणी दया येऊन घागरीत पाणी ओतील तेव्हाच त्यांना पाणी मिळे. स्वतः रहाटाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. हे पाहून ह्या पोराचा संताप अनावर झाला आणि त्याने विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला. पाणी सर्वांचे नसेल तर ते कोणालाच नको, असा तो पोरकट पण सरळ न्याय होता. पुढील आयुष्यात त्यांनी मोडण्यापेक्षा उभारण्याचे काम केले. पण सर्वांसाठी एकच पाणवठा असावा हा आग्रह तसाच राहिला.

वसतिगृहातून बाहेर

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहू लागले. ते दिवस राजर्षी शाहू छत्रपतींचे होते. बहुजन समाजातील मुलांनी शहरात येऊन शिकावे, तर त्यांनी राहावे कोठे आणि खावे काय, हा प्रश्न महाराजांनी ओळखला होता. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली.

हा प्रश्न किती खरा होता हे आपल्यापैकी ज्यांच्या घराण्यात भिक्षुकी आहे त्यांना अधिक समजेल. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला शिकावयाचे असले तर त्याला माधुकरी होती. नाही तर सात घरी वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा त्याचा आठवडा निघून जाई. त्यात अपमान पुष्कळ होता, परंतु पोट भरत होते; आणि त्या अन्नावर किती तरी थोर विद्वान तयार झाले. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला कोण वार देणार? त्याची बुद्धी कितीही तल्लख असो, गावची चौथी इयत्ता संपली की त्याची विद्याही संपली. समाजात अन्न नव्हते असे नाही. त्या मुलापर्यंत ते पोचण्याची वाट नव्हती.

१९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव हौसेने गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, पण शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले.

ह्या प्रसंगाकडे नीट पाहावे. एका आंघोळीवरून ह्या तरुणाचे अन्न आणि अंथरूण दोन्ही गेले. रागावून तो वसतिगृहांचाच शत्रू झाला असता तर त्यात नवल नव्हते. त्याने मनाशी धरले ते वेगळेच. प्रत्येक जातीचे निराळे वसतिगृह असण्याऐवजी एकच असे घर असावे की जेथे कोणालाही, कोणत्याही कारणाने, पानावरून उठवले जाणार नाही.

तुरुंग, फिरती आणि खेड्यांची ओळख

१९०९ साली भाऊरावांचा विवाह कुंभोजच्या एका संपन्न घराण्यातील कन्येशी झाला. माहेरचे नाव अदक्का. सासरी त्या लक्ष्मीबाई झाल्या. येताना त्यांच्या अंगावर भरगच्च सोने होते. त्या सोन्याचे पुढे काय झाले हेच ह्या चरित्राचे मर्म आहे.

भाऊराव साताऱ्यास शिकवण्या करू लागले. लवकरच, १९१० साली, त्यांनी दूधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण मध्येच एक मोठे संकट ओढवले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे एक प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे ह्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जैन वसतिगृहाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते हेच लठ्ठे. जुना राग काढावयास ह्याहून सोयीची संधी कोणती? परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्यास नकार दिला आणि त्यापायी कोठडी सोसली. तेथील छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर ते निर्दोष सुटले.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याच्या, किर्लोस्करांच्या नांगरांच्या आणि पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या विक्रीसाठी फिरती केली. लोखंडी नांगर खपवायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसावे लागे. त्यामुळे त्या मुलखातील खेडे न्‌ खेडे त्यांच्या पायाखालून गेले. कोणाच्या घरात काय पिकते, सुगीत काय शिल्लक राहते, कोणत्या महिन्यात कणगी रिकामी होते, हे त्यांना पाठ झाले. शेतकऱ्याजवळ रोकड नसते, पण धान्य असते. तो रुपया देऊ शकत नाही, पण भाकरी नाकारीत नाही, ही पुढे उपयोगी पडलेली समज त्यांना ह्याच फिरतीत आली.

संस्थेची स्थापना

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची एक परिषद १९१९ साली कराड तालुक्यातील काले ह्या गावी भरली होती. तेथे बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार पक्का झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले येथे वसतिगृह सुरू झाले. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले.

त्याआधीपासूनच भाऊरावांचे घर हेच एक वसतिगृह होते. अस्पृश्य समाजातील ज्ञानदेव घोलप ह्या विद्यार्थ्यास त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतले होते; हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. आज हे वाचताना सोपे वाटते. पण सोवळे-ओवळे कडक पाळणाऱ्या, सुखवस्तू जैन घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी हा मुलगा येऊन बसला, तेव्हा त्या माउलीच्या मनाला काय पडले असेल, ह्याची कल्पना आपल्या आजी-पणजींना आठवून करावी. लक्ष्मीबाई प्रथम बिचकल्या. मग त्यांनी त्या मुलाला आपले म्हटले, आणि एकदा म्हटल्यावर पुन्हा मागे पाहिले नाही.

वहिनींचे मंगळसूत्र

वसतिगृहातील मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. अण्णांचे पाय सदैव वाटेवर असायचे. वर्गणी, धान्य आणि नवी मुले गोळा करीत ते गावोगाव फिरत. मागे घरची सारी जबाबदारी वहिनींची. आलेल्या मुलांना न्हाऊ घालावे, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, भाकऱ्या थापाव्यात, एकाची आई होता होता दुसऱ्याची समजूत काढावी, हे सर्व त्यांनी केले. वसतिगृहाला शिल्लक अशी नव्हतीच. धान्य संपले की एक दागिना जाई, पुन्हा संपले की दुसरा. माहेरचे सोने असे हळूहळू मुलांच्या पोटात गेले.

शेवटी एक दिवस असा आला की अण्णा परगावी, कोठीत दाणा नाही, उधारी मिळण्याची आशा नाही आणि मुले भुकेली. वहिनींच्या अंगावर मंगळसूत्र तेवढे उरले होते. ते त्यांनी काढून दिले आणि त्या पैशांतून मुलांच्या मुखी अन्न पडले. हिंदू असो वा जैन, आपल्याकडील सवाष्णीला मंगळसूत्र म्हणजे काय हे येथे सांगण्याची गरज नाही. देवाच्या मूर्तीवर सोन्याचा मुकुट चढविणारे पुष्कळ असतात आणि त्यांची नावे शिळेवर कोरली जातात. लक्ष्मीबाईंचे सोने कोठे कोरलेले नाही. ते त्या मुलांच्या हाडामांसात आहे. १९३० साली ही साध्वी निवर्तली. आपल्या पतीच्या कार्याचा विस्तार पाहण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

लक्ष्मीबाईंच्या ह्या त्यागास वंदन करून एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. एका घरचे सोने कितीही असले तरी ते सरते. एका माउलीने सर्वस्व दिले, तेव्हा मुलांचे काही महिने निघाले; पण वर्षानुवर्षे चालणारे घर कोणा एकाच्या सर्वस्वावर चालत नाही. ते पुष्कळांच्या थोड्या थोड्या देण्यावर चालते. हे भाऊरावांनी ओळखले होते.

मुष्टिफंड

त्यांनी मुष्टिफंड उभा केला. योजना अगदी साधी होती. गृहिणीने रोज दळण किंवा स्वयंपाक करताना त्यातील एक मूठ धान्य वा पीठ वसतिगृहाच्या नावाने एका मडक्यात टाकावे. ठरलेल्या दिवशी मुलांनी घरोघर जाऊन ते गोळा करून आणावे. कोणाच्या संसाराला ह्याचा भार होत नसे. मापाने दळण घेणाऱ्या बाईच्या पायलीत एक मूठ कमी झाली तर घरात कोणी अर्धपोटी राहात नाही.

आता ह्या मुठीचा हिशेब करून पाहू. एक मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम धान्य धरले, तर शंभर घरांतून दिवसाला पाच किलो धान्य निघते. वाढत्या मुलाला दिवसाकाठी अर्धा किलो लागते असे समजले, तर शंभर घरांच्या मुठीवर दहा मुले पोटभर जेवतात. आणि तीही एक दिवस नव्हे, वर्षभर. ह्यातील एकाही घराला दानशूर म्हणवून घेता येणार नाही, पण दहा मुले जगतात, शिकतात, माणसे होतात.

ह्या पद्धतीत आणखीही काही गुण होते. रोख पैसा पुरुषाच्या हाती असतो; पीठ-धान्य बाईच्या हाती असते. त्यामुळे ज्या बाईला घरात एक आणा खर्च करण्याची मुभा नव्हती, तिलाही हे दान कोणाला न विचारता करता येई. दुसरे असे की, वार्षिक वर्गणी दिली की मनुष्य वर्षभर ती विसरतो, पण मूठ रोज टाकावयाची असल्याने त्या मुलांचे स्मरण रोज होते. आपल्या घरातील नैवेद्याचेही तसेच आहे. देवाला अन्नाची गरज नाही, आपल्यालाच रोज त्याची आठवण राहावी म्हणून तो विधी आहे. तिसरे असे की, धान्य न्यावयास प्रत्यक्ष मुलेच येत. बायांना त्यांचे चेहरे ओळखीचे झाले. कोणता मुलगा वाळला, कोणता वाढला, हे त्यांना कळू लागले. हळूहळू ते वसतिगृह भाऊरावांचे न राहता गावाचे झाले.

शिधा आणि दक्षिणा ह्यांवर चालणाऱ्या घरात मी वाढलो आहे. ताटात पडणाऱ्या मुठीत देणाऱ्याचे मन कसे उतरते हे तेथे लवकर कळते. काही हात मूठ भरतात, काही नुसती मिटतात. भाऊरावांच्या मडक्यांत ज्या मुठी पडल्या त्या भरलेल्या होत्या. एरव्ही त्यावर इतकी मुले पोसली गेली नसती.

एक पंगत

वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, ब्राह्मण, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहात. दळणकांडण, पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, कपडे धुणे ही सर्व कामे मुले पाळीपाळीने करीत. आज ज्याने भाकरी थापली त्याची जात कोणती, हा प्रश्न जेवणाऱ्याला पडू नये म्हणूनच ही पाळी होती. साताऱ्यातील धनिणीची बाग नावाच्या जागेत ह्या मुलांनी जमीन कसली, भाजी पिकवली. इमारतीच्या कामावर दगड-माती वाहिली. समाजाने मूठ द्यावी, पण मुलांनी मिंधे होऊ नये. जे अन्न मिळाले त्याला आपल्या घामाची जोड द्यावी, अशी शिकवण होती. कमवा आणि शिका ह्या नावाने ती पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली. वार लावून जेवणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या ओसरीवर मान खाली घालून बसावे लागे. ह्या मुलांना तसे बसावे लागले नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी ह्या वसतिगृहात आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसलेली पाहून महात्माजींना मोठे समाधान वाटले. पुढे १९३२ साली पुणे करार झाला, त्यातील ऐक्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले.

ह्या पंगतीला विरोध झाला नाही असे नव्हे. धर्म बुडाला अशी ओरड झाली, आणि ती करणाऱ्यांत आपल्यासारखी देवळात जाणारी भाविक माणसेही होती हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अन्नाला पूर्णब्रह्म म्हणावयाचे आणि त्या ब्रह्मापुढे बसलेल्या मुलांत भेद करावयाचा, ह्या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? भाऊरावांनी ह्यावर वाद घातले ते थोडे. पंगत मात्र रोज दोन वेळा मांडली. पंढरीच्या वाळवंटात संतांनी अभंगांतून जे सांगितले, ते ह्या गृहस्थाने भाकरीच्या टोपल्यापाशी करून दाखविले.

वटवृक्षाचा विस्तार

वसतिगृहापाठोपाठ शाळा आल्या. शिक्षक नसतील तर खेड्यात शाळा कशी चालणार, म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापकांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० साली, विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकावे अशा पद्धतीचे मोफत निवासी हायस्कूल साताऱ्यास स्थापन झाले आणि त्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे नाव देण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव महाराज १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पर्यंत साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राजदंड हाती असलेल्या पुरुषाने खजिन्यातून जे साधले, तेच खांद्यावर घोंगडी टाकलेल्या पुरुषाने मुठीमुठीने साधले. म्हणून त्या शाळेला महाराजांचे नाव शोभते. आपल्या गावचे हे नाव साताऱ्याच्या गरीब मुलांच्या शाळेवर आहे, ह्याचा अभिमान बडोदेकरांनी अवश्य बाळगावा.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ह्या कॉलेजाला आपले नाव द्यावे, म्हणजे भरघोस देणगी देऊ, असे एका धनिकाने सुचविले होते, अशी हकीकत सांगतात. भाऊरावांनी ती देणगी नाकारली. शिवछत्रपतींचे नाव काढून दुसरे घालणे त्यांना स्वतःच्या वडिलांचे नाव बदलण्याहून लाजिरवाणे वाटले. लाखाच्या देणगीमागे अट असते. मुठीमागे ती नसते, कारण मूठभर धान्य देणाऱ्याला पाटी लावून मागण्याचे सुचतच नाही. अशा मुठींचा आधार होता म्हणूनच भाऊरावांना ती मोठी देणगी नाकारणे परवडले.

त्याहून कठीण कसोटी १९४८ च्या सुमारास आली. सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. शिक्षकांचे पगार थकले, वसतिगृहांची ओढाताण सुरू झाली. अशा वेळी संस्था मोडावयाची. पण ती मोडली नाही. भाऊराव पुन्हा गावोगाव निघाले. श्रीगाडगे महाराजांसारखे संत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्या घरांनी वर्षानुवर्षे मुठी टाकल्या होत्या, त्या घरांना हे संकट आपल्याच मुलांवर आलेले वाटले. पुढे अनुदान परत सुरू झाले. महात्माजींच्या निर्वाणानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. ह्या अडचणीतही तो त्यांनी सोडून दिला नाही. स्वतः निरक्षर असून शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने १९५४ साली कराड येथे संस्थेचे कॉलेज निघाले.

अखेर

अखेरच्या वर्षांतील भाऊरावांची मूर्ती महाराष्ट्राच्या ओळखीची होती : धिप्पाड देह, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अंगावर जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी आणि अनवाणी पाय. स्वतःसाठी त्यांनी काही मिळविले नाही. लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला, आणि ज्यांना मॅट्रिक होता आले नाही त्यांना पुणे विद्यापीठाने सन्मानपूर्वक डी. लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी साताऱ्यास आहे. वटवृक्ष हे ज्या संस्थेचे बोधचिन्ह आहे, ती आज चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालये चालवीत आहे.

आपण काय घ्यावे

थोर पुरुषांची चरित्रे वाचून हात जोडावेत आणि अंक बाजूला ठेवावा, एवढ्याने त्यांचे ऋण फिटत नाही. आज आपल्या गावोगावी अनाथ मुलांची बालगृहे आहेत. तेथे सणावारी किंवा कोणाच्या वाढदिवसाला मिठाईचे पुडे पुष्कळ येतात. एकाच दिवशी तीन ठिकाणचे श्रीखंड येते आणि पुढचे पंधरा दिवस डाळ पातळ होते. नको झालेले कपडे येतात, पण साबण, तेल, अंथरुणे, वह्या ह्यांची वाण असते. मुलांना आपल्याकडून एका दिवसाचे कौतुक नको असते, रोजचे जेवण हवे असते.

भाऊरावांच्या मार्गाने जावयाचे तर काही नियम पाळावे लागतील. जे धान्य आपण खातो तेच द्यावे, किडके निवडून देऊ नये. थोडे द्यावे, पण खंड पडू देऊ नये. काय हवे ते तेथे जाऊन आधी विचारावे. देताना मुलांना रांगेत उभे करून त्यांची छायाचित्रे काढू नयेत. आपल्या मुलांना कोणी असे उभे केले तर आपणास चालेल का, हे मनाशी ताडून पाहावे. आणि जमेल तेव्हा त्या मुलांना आपल्या देवळाच्या पंगतीत बोलवावे. त्यांच्यासाठी वेगळी पंगत मांडू नये, आपल्या शेजारी पान मांडावे. ह्यातील शेवटचा नियम सर्वांत कमी खर्चाचा आणि, खरे सांगावयाचे तर, सर्वांत अवघड आहे.

स्वयंपाकघरात देवाच्या नैवेद्याची वाटी जेथे असते तेथेच शेजारी एक मडके ठेवावे. घरातील गृहिणीने, किंवा आता पुरुषही स्वयंपाक करतात तर त्यांनीही, रोज त्यात एक मूठ टाकावी. शंभर घरांच्या मुठीत दहा मुलांचे अन्न असते, हा हिशेब वर दिलाच आहे. एवढी सुबुद्धी आपणा सर्वांस व्हावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.